‘जुन्या रायफलवर नवाच स्कोप लावा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अमेरिकेत जुन्या शिकारी रायफली जमवणाऱ्यांमध्ये सध्या एक म्हणणं जिकडेतिकडे शेअर होतंय, की प्री-64 विंचेस्टर मॉडेल 70 सारखी रायफल हाती लागली तर सरळ आजचा मोठा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवा, त्या काळातला स्कोप म्हणजे नुसता दिखावा, त्याची काच धुरकट, आत वाफ धरते, झीरो (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवणी) टिकत नाही, आणि माउंटसाठी (रायफलवर स्कोप धरून ठेवणारा आधार) दोन भोकं जास्तीची पाडली तर असं काय बिघडतं. मला यातलं बरंचसं पटत नाही आणि भोकांचं तर अजिबात नाही, म्हणून आधी तेच घेतो.

मॉडेल 70 आली 1936 मध्ये, आणि 1964 ला कंपनीने खर्च कमी करायला डिझाइन बदललं, म्हणून त्याआधीच्या रायफलींना एवढी मागणी. आता बघा, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रायफलीत रिसीव्हरच्या (बॅरलमागचा मुख्य पोलादी भाग, ज्यात बोल्ट सरकतो) पुढच्या रिंगवर कारखान्यातूनच भोकं यायची पण मागचा ब्रिज, म्हणजे रिसीव्हरचा मागचा भाग, वरून कोरा असायचा, तिथली भोकं युद्धानंतर आली. त्यामुळे कोरा ब्रिज राहिलेली रायफल आज लोक शोधत फिरतात. गन शोमध्ये जाणता माणूस टेबलावरची रायफल उचलतो आणि पहिलं काय करतो, तर बोल्ट (काडतूस आत सरकवणारा दांडा) मागे ओढून ब्रिजवरून हलकेच नख फिरवतो, कुणी भोक पाडून स्क्रूने बुजवलं असेल तर त्याची खाच नखाला लागते, उजेडात तिरकं धरलं की आजूबाजूच्या ब्लूइंगचा (स्टीलवरचा निळसर-काळा थर) रंगही वेगळा दिसतो. एकदा पाडलेलं भोक पूर्ववत होत नाही हो! वेल्डिंगने भरलं तरी तापलेल्या स्टीलची काळजी राहतेच, आणि रायफलची किंमत धाडकन खाली येते ती वेगळीच. बरं, त्या काळातल्या लोकांनी यावर उपाय काढलेला होता: टेक्सासच्या सॅन अँटोनिओमधले स्टिथ माउंट हे बॅरलवरच्या मागच्या साइटच्या (नेम धरायची लोखंडी खूण) खाचेत आणि बाजूला पीप साइटसाठी (बारीक छिद्रातून बघायची साइट) आधीच असलेल्या भोकांमध्ये बसायचे, नवीन भोक एकही नको. म्हणजे त्या काळाचा माउंट शोधला की रायफल आपोआप वाचते, याला दिखावा कसं म्हणणार?

काच धुरकट, हा मुद्दा अर्धा खरा आहे. युद्धापूर्वीच्या बऱ्याच स्कोपच्या भिंगांवर कोटिंग नव्हतं, अशा प्रत्येक पृष्ठभागावर साधारण 4 टक्के प्रकाश परत जातो, असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड गेलाच. पण युद्धानंतर कोटिंग सर्रास झालं, त्यामुळे 1950 च्या आसपासच्या स्कोपला हे लागूच होत नाही. शिवाय 2.5 पॉवरच्या, म्हणजे अडीच पट मोठं दाखवणाऱ्या, स्कोपला पुढची काच 20 मिमीची जरी धरली तरी डोळ्यात येणारं प्रकाशाचं वर्तुळ 8 मिमीचं होतं, आणि संध्याकाळी डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त 7 मिमीच्या आसपास उघडते, म्हणजे डोळ्याला घेता येईल त्याहून मोठंच वर्तुळ मिळतं. आजचा 3-9x40 (3 ते 9 पॉवर, पुढची काच 40 मिमी) नऊवर फिरवला की तेच वर्तुळ साडेचार मिमीवर येतं. खरा धुरकटपणा येतो तो बुरशीने नाहीतर भिंगं चिकटवायचा बाल्सम पिवळा पडून सुटल्याने, आणि ते विकत घेतानाच कळतं, पुढून टॉर्च मारा आणि मागून तिरकं बघा, बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील.

वाफेचं म्हणाल तर हो, जुन्यांपैकी काही धरतात. ल्युपोल्ड या स्कोप कंपनीने आत नायट्रोजन भरायला सुरुवात केली तीच या त्रासामुळे. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका, लायमन अलास्कन या जुन्या स्कोपचंच सैनिकी रूप, एम-81 आणि एम-82, अमेरिकन सैन्याने एम-1सी स्नायपर रायफलवर लावलं होतं. आणि सील बदलून गॅस भरून देणारे कारागीर आजही आहेत.

झीरो टिकत नाही म्हणणारे बहुतेक वेळा जुना स्कोप आजच्यासारखा वापरतात, म्हणजे प्रत्येक अंतराला डायल फिरव. वीव्हर के-4 सारखा त्या काळातला स्कोप त्यासाठी नाहीच! .30-06 (काडतुसाचा प्रकार) ची रायफल 200 यार्डांना झीरो करायची, टरेटची (स्कोपवरचं नेम जुळवायचं फिरतं बटण) टोपी लावायची आणि विसरायचं, 300 यार्डांना गोळी 7-8 इंच खाली जाते तेवढं वर धरायचं. फिरवल्यावर टरेटवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन टिचक्या माराव्या लागतात, त्याने आतलं नीट बसतं, हे जुन्या लोकांना माहीत होतं.

आणि ज्याबद्दल कुणी बोलतच नाही ते म्हणजे स्टॉक. त्या रायफलींच्या स्टॉकची गाल टेकायची वरची कड (कोम) लोखंडी साइटच्या हिशोबाने खाली असते. त्यावर 50 मिमीचा स्कोप ठेवायचा तर रिंगा उंच घ्याव्या लागतात, मग गाल लाकडाला टेकत नाही, मान वर करून नेम धरावा लागतो. बारीक नळीचा अलास्कन खाली, बोल्टच्या अगदी जवळ बसतो आणि रायफल खांद्याला लावताच डोळा जागेवर येतो. कळपातून निघालेलं हरीण दोन सेकंद दिसणार असेल तर हेच कामाला येतं, नऊ पॉवर नाही.

तरी काळाशी जुळवायचं तर नीट जुळवा. 1937 च्या रायफलवर ड्युप्लेक्स क्रॉसहेअर (कडेला जाड आणि मध्ये बारीक होणाऱ्या नेमाच्या रेघा) नको, तो ल्युपोल्डने 1962 मध्ये आणला. तिला युद्धापूर्वीचा वीव्हर 330 चालेल, पाऊण इंची नळीचा. 1950 ची .270 काडतुसाची रायफल असेल तर के-4 आणि खाली रेडफील्ड ज्युनियर माउंट, कारखान्याच्याच भोकांत.