शेकर कपाटातच राहू द्या

लेख आवडला, पण त्यात बुलवार्दिए हे कॉकटेल शेकरमध्ये (झाकणाच्या भांड्यात) हलवायला सांगितलंय ते काही पटलं नाही. लिंबाचा रस असेल तर शेकर हवाच. इथे नुसती व्हिस्की, काम्पारी हे कडू लाल मद्य आणि वनस्पतींचा स्वाद दिलेलं गोड लाल व्हर्मुथ. हलवलं की हवा शिरते, बर्फाचा चुरा होतो आणि तो माणकासारखा रंग गढूळ होतो. मी स्टीलच्या उंच पेल्यात बर्फाचे मोठे खडे टाकून लांब दांड्याच्या चमच्याने अर्धा मिनिट ढवळतो. पेल्याला बाहेरून दव धरलं की गाळून घ्यायचं.

माझं प्रमाण व्हिस्की ४५, काम्पारी ३०, व्हर्मुथ ३० मिली. १९२७ मध्ये पॅरिसला अर्स्किन ग्विन या अमेरिकन माणसाच्या मासिकावरून हे नाव पडलं, तेव्हा तिन्ही समसमान असायचं. तसंही करून पाहिलं. कडूपणा फारच वरचढ होतो. आमच्या हिने एक घोट घेऊन "यापेक्षा काढा बरा" म्हणून ग्लास परत केला.

आणि हो, व्हर्मुथ शेवटी वाइनच आहे, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. माझी बाटली तीन महिने शोकेसमध्ये उभी होती, चव त्यामुळे बिघडली होती, आणि मी आपला व्हिस्कीला शिव्या घालत होतो.