रोझा पार्क्स पाय दुखत होते म्हणून बसून राहिल्या नव्हत्या

१ डिसेंबर जवळ आला की एक गोष्ट पुन्हा फिरू लागते. अमेरिकेतली एक थकलीभागली म्हातारी, शिवणकाम करणारी साधी बाई, बसमध्ये गोऱ्यांच्या जागेवर बसली. पाय दुखत होते म्हणून उठली नाही, आणि तिच्या एकटीमुळे कृष्णवर्णीयांचा लढा सुरू झाला. पाठवणाऱ्यांच्या मनात आदरच असतो. पण यात रोझा पार्क्स यांचं आयुष्यभराचं काम पुसलं जातं, म्हणून लिहिणं भाग आहे.

म्हातारी? त्या दिवशी, १ डिसेंबर १९५५ रोजी, त्या ४२ वर्षांच्या होत्या. थकव्याबद्दल त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे: रोजच्यापेक्षा जास्त दमले नव्हते, मुकाट्याने ऐकून घ्यायला मात्र कंटाळले होते.

जागाही गोऱ्यांची नव्हती. अलाबामा राज्यातल्या माँटगोमरी शहराच्या बसमध्ये पुढच्या रांगा गोऱ्यांच्या, मागच्या कृष्णवर्णीयांच्या. मधल्या रांगांत कृष्णवर्णीयांनी बसायचं, पण पुढे जागा उरली नाही की उठायचं. पार्क्स मधल्या भागात होत्या. एक गोरा माणूस उभा होता, आणि त्या एकासाठी चौघांना उठवण्यात आलं, कारण एका रांगेत दोन्ही वर्णांची माणसं चालत नसत. तिघं उठले. पार्क्स उठल्या नाहीत, आणि त्यांना अटक झाली.

'साधी बाई' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. १९४३ पासून त्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमरी शाखेच्या चिटणीस होत्या. १९४४ साली रेसी टेलर या कृष्णवर्णीय तरुणीवर गोऱ्यांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीसाठी पार्क्स ॲबव्हिल या गावी गेल्या आणि तिच्या न्यायासाठी मोहीम उभी केली. अटकेच्या जेमतेम चार महिने आधी टेनेसीतल्या हायलँडर शाळेत त्या कार्यकर्त्यांच्या शिबिराला गेल्या होत्या. त्या दिवशीचा नकार ठरवून दिलेला नव्हता, हे खरं. पण त्यामागे बारा वर्षांचं काम होतं.

आणि एकटीने? अटकेच्या रात्री महाविद्यालयात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी बसवर बहिष्कार घालण्याची हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली. सोमवारी ५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला. लोक ३८१ दिवस पायी चालले, एकमेकांच्या मोटारींतून गेले. पार्क्स यांची नोकरी गेली. १९५७ मध्ये त्यांना डेट्रॉइटला जावं लागलं.

बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या खटल्यात तर पार्क्स वादीच नव्हत्या. 'ब्राउडर विरुद्ध गेल' या खटल्यात निकालापर्यंत उभ्या राहिल्या त्या ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅक्डोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. कॉल्व्हिनने तर पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, जागा सोडायला नकार दिला होता. तेव्हा ती पंधरा वर्षांची, शाळकरी मुलगी होती. त्या अटकेतला तिच्या नावावरचा गुन्हा न्यायालयाच्या दप्तरातून पुसला गेला तो २०२१ मध्ये, तिच्या वयाच्या ८२ व्या वर्षी.