‘मजुरांची आधार कार्डं ठेवून का घेत नाही?’ : दोन स्टार देणाऱ्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या आईंचं पेठेतलं घर रिकामं करून द्यायचं काम आमच्याकडे होतं. त्याबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तक्रारीतला अर्धा भाग खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल इथे किती लिहावं हे ठरत नव्हतं.

आधी खरा भाग. नऊची वेळ दिली होती, काम सुरू झालं साडेअकराला. आठ माणसं ठरली होती, पाच आली, आणि एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं. मधल्या अडीच तासांत मी तुम्हाला साधा एक फोन केला नाही. याला काही सबब नाही. माळ्यावरून सामान उतरवताना लोणच्याची बरणी फुटली तीही आमच्याच माणसाच्या हातून. दुसऱ्या दिवशीच्या टेम्पोचे म्हणून जे 3,000 रुपये जास्तीचे घेतले, ते घ्यायलाच नको होते. काल तुमच्या खात्यावर परत पाठवलेत.

आता उशिराबद्दल. तुम्ही लिहिलंय की ‘मालक म्हणे मजुरांच्या चौकशीत अडकले होते, वेठबिगारी वगैरे जुन्या काळच्या गोष्टी सांगत बसले.’ त्या सकाळी काय झालं ते सांगतो. आमची कायमची पाच माणसं आहेत. कमी पडणारी तीन एका मुकादमाकडून मागवली होती. साडेआठला तो गोडाऊनवर तीन पोरं घेऊन आला. आम्ही नेहमीप्रमाणे ‘आधार दाखवा’ म्हणालो, तर तिघांपैकी एकानंही स्वतःच्या खिशात हात घातला नाही. तिघांनी मुकादमाकडे बघितलं. त्यानं शर्टाच्या खिशातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला आणि पत्ते पिसावेत तशी त्यातून तीन कार्डं वेगळी केली. गठ्ठ्यात बरीच कार्डं उरली होती.

आमच्या सुपरवायझर ताई पोरांना समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेल्या, मुकादमाला इकडे मी बोलण्यात गुंतवलं. ताईंनी एकेकाला विचारलं, घरी कधी गेला होतास? एक म्हणाला, उचल फिटल्यावर जाणार. किती उचल? बापाला माहीत. फिटली किती? मालकाला माहीत. खाडा झाला की दीड दिवसाची मजुरी कापतात, हे मात्र तिघांनाही नीट पाठ होतं.

खरं सांगायचं तर तिघांना परत पाठवून दुसरी माणसं शोधावी, असंच माझ्या मनात आलं होतं. तुमचं काम वेळेत झालं असतं, माझे हातही स्वच्छ राहिले असते. ताई म्हणाल्या, “परत पाठवलं तर जाणार कुठं? त्याच्याच खोलीवर ना?” तुमचे अडीच तास तिथे गेले. तहसील कार्यालय, ओळखीचे एक वकील, आणि त्यातला एक पोरगा अठराच्या आतला वाटला म्हणून 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन, असे फोन चालले होते. पुढचं सरकारी यंत्रणेच्या हातात आहे, त्यामुळे पोरांचं गाव किंवा मुकादमाचं नाव इथे लिहीत नाही. कोणी कमेंटमध्ये विचारूही नये.

जुन्या काळची गोष्ट म्हणाल तर वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालचा आहे. पण अंगावर उचल असलेली माणसं टोळीनं शहरात येणं काही थांबलेलं नाही. उचल कोण घेत नाही? आजारपण, लग्न, घरावरचे पत्रे, सगळं उचलीवरच चालतं. ती फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही, गावी जायचं नाही, हिशोब विचारायचा नाही, असं झालं की ती वेठ होते. असं कर्ज फेडायची जबाबदारीच हा कायदा काढून टाकतो, आणि वेठीनं राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे करता येते.

तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप असा, की घरात मौल्यवान वस्तू असताना आम्ही मजुरांची मूळ आधार कार्डं जमा करून घेत नाही. सर, पूर्वी मी घेत होतो. ऑफिसात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, काम संपेपर्यंत सगळ्यांची कार्डं त्यात, आणि डबा कपाटात कुलूपबंद. ग्राहकांना बरं वाटायचं, मलाही. एका रात्री आमच्या एका माणसाची बायको बाळंतपणाला अडली. दवाखान्यात आधार मागितलं. किल्ली माझ्याकडे आणि माझा फोन बंद. तो सकाळी सात वाजता ऑफिसच्या पायरीवर बसलेला दिसला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. तो मला एका शब्दानं बोलला नाही, उलट ‘साहेब, झोपमोड केली’ म्हणाला. मुकादमाच्या खिशातला गठ्ठा बघितला तेव्हा मला तो डबा आठवला.

आता कार्ड बघतो, नंबरातले शेवटचे चार आकडे टिपतो आणि तिथल्या तिथे परत देतो. चोरीची काळजी आम्ही वेगळ्या पद्धतीनं घेतो. प्रत्येक खोलीचे आधी फोटो, आणि कपाटं, डबे, कपड्यांच्या घड्या घरच्यांसमोरच उघडायच्या. त्या पद्धतीनं तुमच्या आईंच्या लुगड्यांतून काय निघालं आणि ते कोणी तुमच्या हातात आणून दिलं, ते तुम्हाला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

राहिला दर. दुसऱ्या पार्टीनं 14,000 सांगितले आणि आम्ही 22,500, हे बरोबर. आमच्याकडे माणशी 900 रुपये रोज, तेही ज्याच्या त्याच्या खात्यावर. दर सांगताना धरलेल्या आठ माणसांचे 7,200 तिथेच जातात. वर टेम्पो, डिझेल, आणि कोणी फुकटही नेत नाही असल्या गाद्या-फळकुटांची विल्हेवाट. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गोदरेजचं कपाट जिन्याच्या वळणावर चौघांनी खांद्यावर फिरवलं. हे सगळं 14,000त बसवायचं तर काटछाट कुठे होणार? डिझेल काही उधारीवर मिळत नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा वेठच, असं सुप्रीम कोर्टानं 1982 मध्येच म्हटलंय. त्या पार्टीचा हिशोब मला माहीत नाही, आरोपही करत नाही. कोणालाही काम देताना एवढंच विचारा, मजुरी कोणाच्या हातात पडते? आम्हालाही विचारा.

मुकादमाकडून माणसं मागवणं आम्ही बंद केलंय. म्हणजे मे महिन्यात आमच्याकडे तारखा मिळायला वेळ लागेल. पण यापुढे उशीर होणार असेल तर तासभर आधी फोन येईल, आणि तो मीच करीन.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. तुम्ही निवडून ठेवणार म्हणालेली पुस्तकांची दोन पोती अजून आमच्या गोडाऊनवर आहेत. पावसाच्या आत न्यायला हवीत. सांगाल त्या दिवशी घरपोच आणून देतो, भाडं नको.