पऱ्याची जागा कुणाच्या सातबाऱ्यावर?

"नदीतला गाळ काढा, पुराचा विषय संपला. बाकी सगळं कागद काळे करणं," असं म्हणत बापूने चहाचा ग्लास कठड्यावर आपटला आणि शनिवारच्या कट्ट्याला तोंड फुटलं.

बापूला तसं बोलायचा हक्क आहे. त्याचं दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत. २६ जुलै २००५ ला पाणी आत आलं, तेव्हा त्याने माल वर ठेवायला पोटमाळा बांधून घेतला. २२ जुलै २०२१ ला पोटमाळाही गेला. त्याच वर्षी डिसेंबरात गाळासाठी शहरात साखळी उपोषण झालं, त्यात हा जाऊन बसायचा. वाशिष्ठी नदीतली बेटं हलली, शिवनदीत यंत्रं उतरली, ती त्या बसण्यामुळेच असं तो म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

समोर होता आमचा साहेब. साहेब हे कट्ट्याने ठेवलेलं नाव. एका नगरपरिषदेत तो नगररचनेचं काम बघतो. कुठल्या ते लिहीत नाही, त्याला नोकरी करायची आहे. त्याच्याकडे शहराच्या विकास आराखड्यातलं पाणी आहे: पऱ्ये म्हणजे डोंगरातून येणारे ओढे, नाले, पूररेषा, पावसाळी गटारं, बांधकामाने पाण्यापासून किती लांब राहायचं ते. या खेपेला तिथल्या एका पऱ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घालून तो सरळ करायचा प्रस्ताव आला, त्यावर याने उलटा शेरा मारला. मग टेबलाशी माणसं येऊन भांडून गेली. बदलीची भाषाही झाली म्हणे.

"गाळ काढल्यापासून २०२१ सारखं पाणी भरलं का, सांग," बापू म्हणाला.

"२०२१ सारखा पाऊस झाला का, ते तू सांग."

हा वाद दर वेळी याच जागी येऊन अडतो. दोघंही बरोबर असल्यामुळे पुढे सरकत नाही. पण या वेळी साहेबाने माघार घेतल्यासारखं केलं. बेटं काढली ते योग्यच झालं म्हणाला. नदीच्या मधोमध झाडंझुडपं वाढलेली बेटं असतील तर पाणी अडणारच. "पण गोवळकोटपर्यंत खाडी आहे, बापू. भरतीचं पाणी शहराच्या अंगाला येऊन लागतं. तिथे तळ आणखी दोन मीटर खाली नेलास, तरी पाण्याची वरची पातळी समुद्रच ठरवणार. खणलेला खड्डा भरतीच्या पाण्यानेच भरलेला असतो. शिवाय खारं पाणी आत सरकेल आणि काठच्या विहिरी मचूळ होतील."

"मग काय हातावर हात ठेवून बसू?"

"बसू नको. खणायचं कुठे आणि सोडायचं कुठे, तेवढं आधी ठरव."

दिन्या इतका वेळ गप्प होता. दिन्याचे दोन डंपर आहेत आणि एक पोकलेन भाड्याने फिरतो. गाळाची चर्चा निघाली की तो ऐकत बसतो, तशी भावाची चर्चा निघाली की व्यापारी बसतात. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही नाय म्हणालात तरी माझं काम बंद पडत नाय. कुणीतरी व्हय म्हणतंच."

तेवढ्यात भजी आली. साहेबाने खिशातून पेन काढलं, पण तेलकट कागदावर ते चालेना, म्हणून हिशेब तोंडीच झाला.

"एक चौरस किलोमीटर डोंगर धर. आपल्या पऱ्यांचं पाणलोट साधारण तेवढंच असतं. त्यावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला."

"पडतो की," गुरुजी म्हणाले. निवृत्त शिक्षक, शाळेत पर्जन्यमापक त्यांच्याच ताब्यात असे.

"म्हणजे एक लाख घनमीटर पाणी. थोडं मुरतं, पण जुलैपर्यंत जांभा खडक पिऊन तट्ट झालेला असतो. ऐंशी टक्के तरी खाली येतंच. सेकंदाला साधारण २२ घनमीटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर दर सेकंदाला ओतायचे, आणि वर थोडं. आता रस्त्याखालच्या मोरीत काय टाकलंय? ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन ह्यूम पाईप, सिमेंटचे. तुडुंब भरून वाहिले तर दोन्हींतून मिळून तीन-चार घनमीटर जाईल. राहिलेले १८ कुठे जाणार?"

"बापूच्या दुकानात," दिन्या म्हणाला. बापू हसला नाही.

मला वाटतं, सगळ्या वादात हा हिशेब महत्त्वाचा होता. पऱ्या पाताळापर्यंत खणलात आणि खालची मोरी तेवढीच ठेवलीत, तर पाणी मोरीशी तुंबणारच. भिंतीच्या प्रस्तावात मोरीला हातच लावलेला नव्हता. का, तर तिच्यावरचा रस्ता दुसऱ्या खात्याचा. नगरपरिषदेचा पैसा भिंतीला लागतो, मोरीला लागत नाही. साहेबाने शेऱ्यात लिहिलं होतं की भिंत बाजूला ठेवा, आधी मोरी चौकोनी आणि रुंद करून घ्या, त्यासाठी त्या खात्याला पत्र द्या. पत्र गेलं. उत्तर आलं नाही.

"खेकड्यांनी खाल्लं असेल," दिन्या म्हणाला. तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून माणसं वाहून गेली आणि मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं, तेव्हापासून आमच्या तालुक्यात कुठल्याही सरकारी दिरंगाईचा गुन्हेगार खेकडाच असतो. हसू येतं, पण ते हसू बरं नव्हे.

बापू पुन्हा मूळ पदावर. "मोरी मोठी करा, मान्य. पण भिंतीने काय बिघडतं? काठ ढासळत नाही, पाणी सरळ निघून जातं."

"सरळ जातं म्हणूनच बिघडतं," साहेब म्हणाला. नागमोडी पऱ्या सरळ केला की लांबी कमी होते, उतार वाढतो, पाण्याचा जोर वाढतो. वरच्या वाडीला वाटतं, सुटलो. खालच्या वाडीत मात्र आधी तासभर रेंगाळत येणारं पाणी एकदम येऊन आदळतं. त्यात भरती असली तर विचारूच नका. शिवाय जोर वाढलेलं पाणी तळ खातं. भिंतीचा पाया उघडा पडतो आणि काही पावसाळ्यांत भिंतच पाण्यात आडवी होते. मग नवीन भिंतीचा नवीन प्रस्ताव.

"आमच्या वाडीतल्या पऱ्यात तीन कोंडी होत्या, खोल डोह," गुरुजी बोलू लागले आणि कुणी त्यांना अडवलं नाही. "एप्रिलपर्यंत पाणी असायचं. गुरं तिथेच, धुणी तिथेच. मृगाचे पहिले पाऊस झाले की रात्री बत्त्या घेऊन चढणीचे मासे धरायला निम्मी वाडी पऱ्यात. मासा खालून वर यायचा, वाहत्या पाण्याच्या उलट, अंडी घालायला. मग कुणाच्या तरी निधीतून बंधारा झाला. खालच्या अंगाला पुरुषभर उंचीचा काँक्रीटचा धबधबा. मासा उड्या मारून मारून थकायचा. कोंडी गाळ काढण्याच्या नावाखाली सपाट केल्या. आता पऱ्या कसा, गटार धुऊन ठेवल्यासारखा. आणि फेब्रुवारीत कोरडा."

यावर साहेब बराच वेळ बोलला. एरवी हा माणूस मोजकं बोलतो. कोंड, मोठे दगड, वळण, काठावरचं करंज, उंबर, पात्रातली शेरणीची झुडपं, हे सगळं मिळून पाण्याचा जोर मोडतं आणि काठ धरून ठेवतं. पोकलेन पात्रात उतरवायचा तर पहिल्यांदा याच गोष्टी निघतात. तिथे आमचा वर्षाचा तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिन्यांत पडणारा. जांभा पाणी घेतो भराभर आणि सोडतोही भराभर. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, मुरलेलं पायथ्याच्या झऱ्यातून निघतं, पऱ्याला लागतं, आणि शिमग्यापर्यंत संपत येतं. पात्र खरवडून खोल केलं तर आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी आणखी लवकर त्यात निथळतं. म्हणजे पुराची भीती घालवायला केलेलं काम विहिरीच्या मुळावर येतं. बापूला हे पटलं नाही, पण त्याने भजं घेतलं.

"आणि गाळ येतो कुठून?" साहेब म्हणाला. "वर डोंगरात कलमं लावायला जेसीबीने उतार कापतात. चिऱ्याच्या खाणीची माती काठावर लोटतात. वणवे लागतात. तो डोंगर माझ्या हद्दीत नाही. माझ्या हद्दीत पऱ्याचा शेवटचा दीड किलोमीटर आहे."

इथून हद्दीचा विषय निघाला, आणि हीच माझ्या मते त्याच्या नोकरीची खरी गोष्ट आहे. वर वन, मध्ये ग्रामपंचायत, शंभर हेक्टरच्या आतली पाटबंधाऱ्याची कामं जिल्हा परिषदेची, त्यावरची जलसंधारणाची, मोठी नदी पाटबंधाऱ्याची, पात्रातली वाळू महसूलची, खाडी सागरी मंडळाची. पाणी एकच. कायद्याने नदी-नाले सरकारचे, जमीन महसूल संहितेचं कलम २० तसं म्हणतं. पण बारके पऱ्ये खासगी सर्व्हे नंबरांतून गेलेले असतात. सातबाऱ्यावर शोधलंत तर पोटखराब वर्ग 'ब', म्हणजे लागवडीत न येणारी सार्वजनिक वापराची जमीन, म्हणून दोन-तीन गुंठे सापडतील, किंवा तेही सापडणार नाहीत. मोजणीच्या नकाशात रेघ असते, जागेवर कंपाऊंड असतं. हा बांधकाम परवानगीच्या फायलीत लिहितो, "नाला दर्शवावा." नवा नकाशा येतो, त्यात नाला कोपऱ्यातून काटकोनात वळवलेला असतो. पाण्याने काटकोनात वळलेलं आम्ही कुणी पाहिलेलं नाही.

"आणि ती निळी रेषा," बापू उसळलाच. "अख्ख्या शहरावर ओढून ठेवलीत. जुनं घर पाडून नवं बांधायचं तर परवानगी सहजी मिळत नाही. आम्ही काय बुडत बुडत म्हातारं व्हायचं?"

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मध्ये जोतं लालच्या वर घेऊन बांधा, असा साधारण नियम. बापूचं म्हणणं, २५ वर्षांतून एकदाच ना, मग एवढं काय. साहेबाने समजावलं की त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार अशी शक्यता. या वर्षी आला म्हणून पुढची २४ वर्षं सुट्टी नसते. वीस वर्षांचं गृहकर्ज काढून निळीच्या आत घर घेतलंत, तर हप्ते फिटायच्या आत एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. हे बँकवाला सांगत नाही. आणि बारक्या पऱ्यांना बहुतेक ठिकाणी रेषाच आखलेली नाही, तिथे जागा सोडायला लावायची तर ती या असल्या शेऱ्यांच्या जोरावर.

बापूची बाजू मला इथे पूर्ण टाकवत नाही. रेषा कागदावर ओढून आत राहणाऱ्यांना तसंच सोडून दिलं, तर ते रेषेवरच चिडणार. पण शेरा मारणाऱ्याला कुणी विचारत नाही हेही खरं. भिंत बांधली की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, बिल निघतं, नारळ फुटतो. न बांधलेल्या भिंतीची नोंद कुठल्या रकान्यात करणार? चांगल्या नगररचनाकाराचं निम्मं काम असंच, झालेलं दिसत नाही असं. सभेत त्याला विचारतात, वर्षभरात केलंस काय?

मध्येच कोयना निघाली, ती निघतेच. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या हिशेबाने वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी वीज करून पश्चिमेला सोडता येतं, ते कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येतं आणि समुद्राला मिळतं. आणि डोक्यावरच्या वाड्यांत मे महिन्यात टँकर. दिन्याचा एक टँकरही आहे, त्यामुळे तो या विषयावर नेहमी तटस्थ असतो.

मग बापूने खरा प्रश्न टाकला. "तुझ्या त्या पऱ्याला काठावर चार घरं आहेत म्हणालास. भिंत नको, वळण हवं, जागा हवी. त्या चार घरांचं काय करणार?"

साहेबाने लगेच उत्तर दिलं नाही. त्याचा प्रस्ताव असा: वरच्या अंगाला नगरपरिषदेचं राखीव मैदान आहे, ते दोन फूट खाली घ्यायचं आणि मोठ्या पावसात पऱ्याला तिथे पसरू द्यायचं; एरवी पोरं खेळतील. तिथल्या बंधाऱ्यावरून पाणी उडी घेतं, त्याखाली दगडांच्या पायऱ्या रचायच्या, म्हणजे मासा चढेल आणि तळही खाल्ला जाणार नाही. दोन्ही काठांना झाडं. हे सगळं ठीक. पण चार घरं पात्राला खेटून आहेत, त्यांना हलवायला जागा नाही, पैसा नाही, आणि ती माणसं हलायला तयारही नाहीत. "तेवढ्या भागात भिंत घालावी लागेल," तो शेवटी म्हणाला. "काँक्रीटची नको. जाळीत दगड भरून, उतरती. पाणी झिरपेल, झाडं रुजतील. तीस-पस्तीस मीटर. पूर्ण दीड किलोमीटर नाही."

"म्हणजे भिंत आलीच," बापू म्हणाला.

"तीस मीटर आली."

"हे आधी लिहिलं असतंस तर टेबलावर भांडणं झाली नसती."

"लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर."

गुरुजी म्हणाले, दुसरं पान कोण वाचतं. बापूने चहा आणखी एक मागवला आणि आराखड्यावर हरकत नोंदवायची मुदत कधी संपते ते विचारलं. त्याच्या बहिणीचा प्लॉट त्याच गावात आहे हे त्याने आम्हाला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. दिन्याचं लक्ष मात्र जाळीवर गेलं होतं.

"साहेब, त्या जाळीत दगड किती साईजचा लागतो? आणि पोच कुठपर्यंत, पऱ्याच्या काठापर्यंत की रस्त्यावर?"