इन्व्हर्टर एसीला वायरिंग बदलायला लागत नाही म्हणे? खुलासा

आपल्या सोलापूरच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय की जुन्या घरात इन्व्हर्टर एसी घ्या, वायरिंग बदलायची गरज नाही, साध्या पंख्याच्या पॉइंटवर चालतो आणि लाईट गेली तरी घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर थंडगार.

हे खरं नाही ओ. इन्व्हर्टर एसी म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरतो तो, त्यानं बिल कमी येतं एवढं बरोबर आहे, पण दुपारी खोली तापलेली असताना दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास खेचतो म्हणजे 7 अँपिअर झालं, आणि साधा पॉइंट 6 अँपिअरचा. आउटडोअर युनिटवरचं स्टिकर वाचा, आकडा तिथंच लिहिलेला असतो. घरातला 900 व्हीएचा इन्व्हर्टर तर लगेच ओव्हरलोड होतो.

कसब्यातल्या, बाळीवेशीतल्या जुन्या घरांत अजून ॲल्युमिनियमच्या वायरी आहेत, अर्थिंगचा पत्ता नाही, तिथं वायर तापून आग लागू शकते. एसीला मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद पडणारा स्विच), 16 अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग, हे लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असलं तर माझ्या मते आधी कुलरच बघा, आपल्याकडं एप्रिल-मेची हवा कोरडी, मस्त चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा नाहीतर नुसतं दमट होतं.

तो मेसेज आला तर पुढं ढकलू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा.