‘मग आफ्रिकेत नि आपल्यात फरक काय?’

शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवरून महाराष्ट्रात वाद पेटला की हे वाक्य कुठून तरी येतंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलले आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्या जागांतून सूट दिली. तेव्हा ते आलं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, तरी ते काही गेलं नाही. नैरोबीत बसून वाचताना आधी हसू येतं, मग तिडीक जाते. आफ्रिकेत ५४ देश आहेत. त्यातला एकच घेऊ, केनिया. फरक आहे, आणि तो नेहमीच आपल्या बाजूने नाही.

आपल्या राज्यघटनेचं शिक्षणहक्काचं कलम २१-अ सहा ते चौदा वयाचं, म्हणजे आठवीपर्यंत. पोरगं दहावीला पोहोचतं तेव्हा हक्क संपलेला असतो. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेचं कलम ५३ मोफत आणि सक्तीच्या मूलभूत शिक्षणाचा हक्क देताना ‘प्रत्येक मूल’ म्हणतं. मूल म्हणजे अठराच्या आतलं, आणि मूलभूत शिक्षणात माध्यमिकही आलं. कलम ४३ मधले आरोग्य, घर, पाणी असे हक्क सरकारने टप्प्याटप्प्याने द्यायचे आहेत. कलम ५३ ला ती पळवाट ठेवलेली नाही. त्या ४३ च्या बाबतीतसुद्धा कलम २०(५) सरकारला बजावतं की पैसे नाहीत म्हणत असाल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. आरटीईच्या जागांपोटी सरकारने द्यायच्या पैशांची थकबाकी वर्षानुवर्षं मागणाऱ्या आपल्याकडच्या संस्थाचालकांना हे कलम दाखवायला हवं.

शिवाय केनियाने मान्यता दिलेला आंतरराष्ट्रीय करार कलम २(६) मुळे देशाच्या कायद्याचा भाग होतो. बालहक्कांचा आफ्रिकी सनदनामा असाच. नैरोबीतल्या किबेरा झोपडपट्टीतले न्यूबियन म्हणजे ब्रिटिशांनी आणलेल्या सुदानी सैनिकांचे वंशज. त्यांच्या मुलांना नागरिकत्वाचे कागद मिळत नव्हते. प्रकरण आफ्रिकी संघाच्या बालहक्क समितीपुढे गेलं आणि मार्च २०११ मध्ये समितीने केनियाला दोषी ठरवलं. मुद्दा राष्ट्रीयत्वाचा होता, पण त्यापायी शिक्षणाच्या हक्काचाही भंग झाल्याचं समितीने नोंदवलं. आशियात अशी दाद मागायला दारच नाही.

आता इथली गोम. सरकारी शाळेला प्रति विद्यार्थी अनुदान नेमिस या सरकारी संगणकीय विद्यार्थी-नोंदीतल्या नावानुसार यायचं, आणि नाव चढवायला जन्मदाखल्याचा क्रमांक लागायचा. दाखल्यासाठी, जन्म इस्पितळात झाला असेल तर तिथली जन्मसूचना लागते, घरी झाला असेल तर असिस्टंट चीफ या स्थानिक सरकारी अधिकाऱ्याकडची नोंद. सहा महिने उलटले की ती उशिराची नोंद ठरते, मग आईवडिलांची ओळखपत्रं आणि वर आणखी पुरावे. आईकडेच ओळखपत्र नसलं की सगळं अडलं. मूल वर्गात बसलेलं असायचं, हजेरीत असायचं, फक्त पैशाच्या हिशेबात नसायचं. न्यूबियन निकालात जे म्हटलं होतं, ते असं संगणकातून परत आलं.

ज्यांची नावं चढतात त्यांचाही पैसा वेळेत येत नाही. दर मुलामागे माध्यमिकला वर्षाला २२,२४४ शिलिंग, ज्युनियरला (सातवी ते नववी) १५,०४२, प्राथमिकला १,४२०. तीन सत्रांत ५०, ३०, २० टक्के अशी वाटणी. सत्र सुरू होतं, मका-बीन्सवाला उधारी मागतो आणि खातं कोरडं असतं. जुलै २०२५ मध्ये तर अर्थमंत्री जॉन म्बादी यांनी संसदीय समितीला सांगूनच टाकलं की २२,२४४ परवडत नाहीत. मग मुख्याध्यापक करतो काय? घरी जो कागद जातो, त्यावर शिकवणीची फी नसते, कारण केनियाच्या २०१३ च्या मूलभूत शिक्षण कायद्याच्या कलम २९ ने तिला बंदी आहे. असतात ते दुपारच्या गिथेरीचे, म्हणजे शिजवलेल्या मका-बीन्सचे पैसे, सराव परीक्षेच्या छपाईचे, शाळेच्या व्यवस्थापन मंडळाने (बीओएम) नेमलेल्या शिक्षकाच्या पगाराचे. असे आकार लावायला मंत्र्यांची मंजुरी लागते, अधिकृत पावती द्यावी लागते, आणि ते थकले म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही. हे सगळं त्याच कलमात आहे. तरी बाकी राहिलेल्या पोराला सोमवारी फाटकातूनच परत लावतात. पालकाने मागावी ती पावती, आणि तीच सहसा कोणी मागत नाही.

‘सक्तीचं’ या शब्दाचीही गंमत आहे. आपल्या २००९ च्या आरटीई कायद्यात सक्ती सरकारवर आहे. पालकाचं कर्तव्य लिहिलंय, शिक्षा नाही. इथे पालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. मथारे झोपडपट्टीतल्या भाडं थकलेल्या बाईवर तो लावायचा म्हणजे आपल्याकडचं शब्दांकन शहाणपणाचं, हे मला मान्य करावं लागतं. (केनियाची वकिली करताना हे मुद्दे मी सहसा गाळतो.)

आणि आणखी एक गाळतो. इथल्या त्याच २०१३ च्या कायद्याचं कलम ३० मूल केनियन असावं म्हणून अडत नाही. केनियात राहणारं मूलही त्यात येतं. म्हणजे नैरोबीच्या पार्कलँड्स भागातल्या मराठी घरांतली मुलंही आली. कायद्याने आम्हाला केव्हाच आत धरलंय. आमची मुलं मात्र पिवळ्या बसमधून खासगी शाळेत जातात, आणि सरकारी शाळेचं फाटक आम्ही गाडीच्या काचेतून बघतो. पुण्यातून ते वाक्य लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं, तुमचं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे का? पण मग तोच प्रश्न इथला कोणी मलाही विचारेल, म्हणून गप्प बसतो.