एकटेपणा म्हणजे गोऱ्यांचं खूळ?

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी फिरून येणारा एक मेसेज आहे. त्याचा सारांश असा: एकटेपणा हे श्रीमंत देशांचं खूळ; आपली घरं भरलेली; चांगल्या स्वभावाच्या माणसाला माणसांची वानवा नसते; तरीही कुढत असाल तर कामाला लागा. वर हात जोडलेले.

श्रीमंतांचं खूळ म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा जून 2025 चा अहवाल उलटंच सांगतो. जगात सहातला एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि त्यातही गरीब देशांत हे प्रमाण सुमारे 24 टक्के, तर श्रीमंत देशांत 11 च्या आसपास. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये त्यासाठी मंत्री नेमला, म्हणून दुखणं त्यांचं झालं, असा आपला तर्क. दिवाळीनंतर बीडकडच्या एखाद्या गावात जाऊन बघा. कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कित्येक घरांत फक्त म्हातारी माणसं उरतात.

भरल्या घराचं काय? "जेवलात का? गोळी घेतली का?" एवढ्यावर आजोबांशी दिवसाचं बोलणं संपत असेल, तर ती विचारपूस नाही, हजेरी आहे.

खरा राग येतो तो स्वभावाच्या मुद्द्याचा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे 2022 सालीही हे सांगावं लागत होतं! संक्रांतीला आळीतल्या बायका हळदीकुंकवाला घरोघर बोलावणं करत जातात आणि नेमकं एक दार सोडून पुढे सरकतात. यात त्या दारामागच्या बाईचा स्वभाव कुठे आला? किंवा कट्ट्यावरचे कमी ऐकू येणारे काका घ्या. दोनदा "काय म्हणालात?" विचारलं की तिसऱ्यांदा कोणी सांगत नाही, "काही नाही, जाऊ द्या" म्हणतात. काका मग कट्ट्यावर यायचेच बंद होतात आणि लोक म्हणतात, फार तुसडे झालेत.

कामाला लागा, हे अर्धं बरोबर आहे. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, सकाळचा फेरफटका यांनी फरक पडतो. पण तिथे जायला आधी "मला करमत नाही, कोणी बोलायला नाही" हे तोंडातून निघावं लागतं. स्वभावालाच दोष लागणार असेल तर कोण बोलेल? मग डॉक्टरांपुढे झोपेची, भुकेची, गुडघ्यांची तक्रार होते आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

ज्येष्ठांसाठी 14567 ही एल्डरलाइन आहे. कोणत्याही वयाच्या माणसाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतून बोलता येतं, दोन्ही फुकट. मेसेजमध्ये सुविचाराच्या जागी हे नंबर असते, तर निदान काही उपयोग झाला असता.